अब्राहम-लुई ब्रेगे

अब्राहम-लुई ब्रेगे (१० जानेवारी १७४७, न्यूशातेल – १७ सप्टेंबर १८२३, पॅरिस) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले व फ्रान्समध्ये कारकीर्द घडवलेले घड्याळजी आणि संशोधक होते. त्यांच्या आडनावाचा फ्रेंच उच्चार ‘ब्रेगे’ असा असून इंग्रजी वर्णलेखनामुळे मराठीत ते काही ठिकाणी ‘ब्रेगेट’ असेही लिहिलेले आढळते. आपोआप किल्ली बसणारे घड्याळ भरवशाचे करून दाखवणे, घड्याळाच्या नाजूक आसाला धक्क्यापासून वाचवणारी रचना, केसासारख्या बारीक स्प्रिंगेचा वर उचललेला शेवटचा वेढा आणि तूरबियाँ ही फिरत्या पिंजऱ्याची यंत्रणा ही त्यांची प्रमुख कामे होत. यांपैकी आपोआप किल्ली बसणाऱ्या घड्याळामुळे ते प्रथम प्रकाशात आले.

जन्म आणि बालपण

न्यूशातेल हे संस्थान त्या काळी प्रशियाच्या राजाच्या अखत्यारीत होते. ब्रेगे घराणे मूळचे फ्रेंच प्रोटेस्टंट. चौदाव्या लुईने १६८५ साली प्रोटेस्टंटांना धर्माचरणाची मोकळीक देणारा हुकूम रद्द केला. त्यानंतर देशोधडीला लागलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे या घराण्यानेही स्विस भूमीचा आसरा घेतला होता. अब्राहम-लुई यांचे वडील झोना-लुई १७५८ साली वारले तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. आईने पुढे झोझेफ ताते यांच्याशी विवाह केला. ताते हे वडिलांच्याच नात्यातले होते आणि त्यांच्या घरी घड्याळांचा व्यवसाय चालत असे. पॅरिसमध्येही त्यांची विक्रीची पेढी होती.

मुलाचे शालेय शिक्षण येथेच थांबले. सावत्र वडिलांनी त्याला आपल्या धंद्यात घेतले. प्रारंभी मुलाला या कामाची गोडी नव्हती असे चरित्रकार नोंदवतात. ती एकदा लागल्यावर मात्र पंधराव्या वर्षी, १७६२ साली, त्याला व्हर्साय येथील एका उस्तादाकडे उमेदवारीसाठी पाठवण्यात आले. व्हर्साय म्हणजे राजदरबाराचे गाव. त्यामुळे तेथील घड्याळजींकडे येणारे काम उंची असे आणि गिऱ्हाईकही चोखंदळ असे.

दिवसा कारखान्यात हात चालवायचे आणि संध्याकाळी पॅरिसच्या माझारँ महाविद्यालयात गणिताच्या वर्गाला बसायचे, असा या तरुणाचा क्रम होता. तेथे गणित शिकवणारे पाद्री झोझेफ-फ्रांस्वा मारी यांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. मारी यांची दरबारात ऊठबस होती आणि पुढे त्यांच्याच ओळखीने ब्रेगे यांना राजघराण्यातील ग्राहक मिळाले. हातकाम करणाऱ्या कारागिराला गणिताचे असे रीतसर शिक्षण त्या काळी क्वचितच मिळे. ब्रेगे यांच्या पुढच्या कामात हस्तकौशल्याच्या जोडीला जो हिशेबीपणा दिसतो, त्याचे मूळ या सायंवर्गांत असावे.

घाटावरची पेढी

१७७५ साली ब्रेगे यांनी सेसिल मारी-लुईझ लुइये यांच्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी सेन नदीतील सिते बेटावर, के द लॉर्लोझ या घाटावर स्वतःची पेढी उघडली. मांडणीसाठी लागणारे भांडवल पत्नीच्या हुंड्यातून उभे राहिले. घाटाच्या नावाचा अर्थच मुळी घड्याळाचा घाट असा आहे. शेजारच्या जुन्या राजवाड्याच्या मनोऱ्यावर असलेल्या घड्याळावरून ते नाव पडले आणि घड्याळजींची वस्तीही त्याच परिसरात होती. पुढील वर्षी मुलगा आंत्वान-लुई जन्मला. १७८० साली, लग्नाला पाचच वर्षे झालेली असताना, सेसिल यांचे निधन झाले. यानंतर घर मेहुणीने सांभाळले.

आपोआप किल्ली बसणारे घड्याळ

पत्नी गेली ते १७८० हेच वर्ष ब्रेगे यांच्या पहिल्या मोठ्या यशाचेही आहे. या वर्षी त्यांनी ओर्लेआंच्या ड्यूकला ‘पर्पेत्युएल’ म्हणजे निरंतर या नावाचे खिशातले घड्याळ दिले. दोन वर्षांनी, १७८२ साली, तसेच एक घड्याळ राणी मारी आंत्वानेत हिच्याकडे गेले. घड्याळाला किल्ली द्यावी लागत नसे. धारण करणाऱ्याच्या चालण्यानेच ती बसत असे.

ही कल्पना ब्रेगे यांची नव्हे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. न्यूशातेलच्याच डोंगराळ भागातील ल लोक्ल या गावी अब्राहम-लुई पेर्रले यांनी १७७७ च्या सुमारास असे घड्याळ बनवले होते. त्या वर्षीच्या जिनिव्हाच्या कलामंडळाच्या अहवालात, पंधरा मिनिटे चालल्याने हे घड्याळ आठ दिवस चालते, असे नमूद केले आहे. लीएझ येथील उबेर सार्तों यांनी १७७८ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाचे घड्याळ ठेवले. पहिला मान कोणाचा यावर घड्याळांच्या इतिहासकारांत आजही एकमत नाही. ब्रेगे यांचे श्रेय वेगळ्या ठिकाणी आहे. इतरांची घड्याळे का थांबतात याचे निदान करून त्यांनी एकेक कारण दूर केले आणि जे नवल होते ते रोजच्या वापराचे केले.

हे निदान समजण्यासाठी यंत्रणेचा थोडा विचार करणे आवश्यक आहे. यांत्रिक घड्याळाची सारी शक्ती एका गुंडाळलेल्या पोलादी पट्टीत, म्हणजे मुख्य स्प्रिंगेत असते. ती एका गोल डबीत बसवलेली असते. किल्ली देणे म्हणजे ती पट्टी आवळणे. पट्टी सैल होत जाते तसतशी दंतचक्रे फिरतात. ‘पर्पेत्युएल’मध्ये ही पट्टी आवळण्याचे काम एक वजन करते. चालताना शरीर दर पावलाला वर-खाली होते. खिशात उभे राहिलेले घड्याळ त्याबरोबर हलते, पण त्यातील वजन जडत्वामुळे किंचित मागे राहते आणि त्यामुळे घड्याळाच्या तुलनेत ते झुलते. या झोक्याची हालचाल दात्यांच्या चक्रावर जाते. चक्राला एक खिटी असते, जी चक्राला एका दिशेने फिरू देते आणि उलट फिरू देत नाही. विहिरीच्या रहाटाला अडणी लावली की वर आलेली बादली परत खाली जात नाही, तसेच हे काम. प्रत्येक झोक्याला चक्र एखाददुसरा दात पुढे सरकते आणि स्प्रिंग तेवढी आवळली जाते.

हे वर्णन सोपे वाटले तरी प्रत्यक्षात अडचणी अनेक होत्या.

पहिली अडचण वजनाची. वजन जड असेल तर त्याच्या धडकांनी घड्याळ खिळखिळे होते. हलके असेल तर स्प्रिंग आवळण्याइतका जोर येत नाही. शिवाय घड्याळ उभे असताना वजन स्वतःच्या भाराने खाली लोंबून राहिले, तर हलक्या पावलांनी ते उचललेच जात नाही आणि घोडदौड करणाऱ्याचे घड्याळ चालते तर दिवाणखान्यात वावरणाऱ्याचे बंद पडते. ब्रेगे यांनी वजन एका कडेला आसावर टांगले आणि त्याचा भार तोलून धरणारी एक वेगळी स्प्रिंग त्याला जोडली. त्यामुळे वजन झोक्याच्या मध्यावर जणू अधांतरी राहू लागले आणि साध्या चालीनेही हलू लागले. वजनासाठी त्यांनी प्लॅटिनम वापरले. हा धातू सोन्याहूनही घन आहे, त्यामुळे थोड्या जागेत अधिक भार मावला. दोन्ही टोकांना धक्का झेलणाऱ्या लवचिक पट्ट्या बसवल्याने धडकांचाही प्रश्न सुटला.

दुसरी अडचण अतिरेकाची होती. हाताने किल्ली देणाऱ्याला स्प्रिंग पूर्ण आवळल्याचे बोटांना कळते आणि तो थांबतो. वजनाला हे कळत नाही. धनी चालत राहिला तर वजन झुलत राहते आणि आधीच ताठ झालेल्या स्प्रिंगेवर किंवा खिटीच्या दातांवर ताण येऊन काहीतरी मोडते. यावर उपाय म्हणून ब्रेगे यांनी अशी योजना केली की स्प्रिंग पूर्ण आवळली की एक छोटा दांडा पुढे येऊन वजनालाच अडवून धरी. घड्याळ काही काळ चालून स्प्रिंग थोडी सैल झाली की दांडा मागे हटे आणि वजन पुन्हा मोकळे होई.

तिसरी अडचण त्या काळच्या घड्याळांच्या मूळ रचनेतच दडलेली होती. स्प्रिंग पूर्ण आवळलेली असताना जोर जास्त आणि सैल होत आल्यावर कमी, हा फरक भरून काढण्यासाठी शंकूच्या आकाराचे एक चाक आणि त्यावर गुंडाळलेली बारीक साखळी वापरत. या रचनेत किल्ली देताना चक्रांकडे जाणारा जोर उलटा खेचला जातो आणि घड्याळ क्षणभर अडखळते. दिवसातून एकदा किल्ली देणाऱ्याला याचे काही वाटत नसे. जे घड्याळ दिवसभर पावलागणिक किल्ली घेते त्याच्या वेळेचे मात्र त्यात मातेरे व्हायचे. झां-आंत्वान लेपीन या पॅरिसमधील ज्येष्ठ घड्याळजींनी साखळी काढून टाकून डबीलाच थेट दात देणारी सपाट रचना आणली होती. तिच्यात स्प्रिंग आतल्या टोकाने आवळली जाते आणि बाहेरच्या टोकाने चक्रे फिरवत राहते. त्यामुळे जोर खंडित होत नाही. ब्रेगे यांनी हा मार्ग धरला आणि एकाऐवजी दोन डब्या बसवल्या. जोर अधिक एकसारखा झाला आणि एकदा पुरी किल्ली बसली की घड्याळ सुमारे ६० तास चालू लागले. रविवारी घरी बसून राहिलेल्याचे घड्याळ सोमवारी सकाळीही चालू असे.

चौथी गोष्ट वरकरणी किरकोळ दिसते, पण निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ब्रेगे यांनी तबकडीवर एक छोटा काटा दिला, जो स्प्रिंगेत अजून किती तासांची शक्ती शिल्लक आहे हे दाखवतो. आपोआप किल्ली बसणाऱ्या बऱ्याच घड्याळांना हाताने किल्ली देण्याची सोयच नव्हती. असे घड्याळ बंद पडले तर प्रश्न पडतो की दोष चालणाऱ्या भागात आहे की किल्ली बसवणाऱ्या भागात. शिल्लक दाखवणारा काटा नसेल तर हे ओळखण्यासाठी घड्याळ उघडावेच लागते. काटा भरलेला असताना घड्याळ थांबले असेल, तर किल्लीचा भाग निर्दोष आहे आणि विकार चक्रांत किंवा तोलचक्रात शोधावा. काटा रिकाम्यावर असेल, तर वजन, त्याचा आस, तोलणारी स्प्रिंग, खिटी आणि अडवणारा दांडा यांच्याकडे पाहावे. धनी अंथरुणाला खिळलेला असेल, तर यंत्रात काहीच बिघाड नसतो. दिवसभर चालूनही काटा अर्ध्यावरच अडकून राहत असेल, तर खिटी दात सोडते आहे किंवा दांडा अवेळी पुढे येतो आहे अशी शंका घेण्यास जागा राहते.

आजच्या मनगटी घड्याळांचे दुरुस्तीकाम करणारे कारागीरही तत्त्वतः हाच मार्ग चोखाळतात. आपोआप किल्ली बसणारे घड्याळ रात्रीत बंद पडते अशी तक्रार आली, की ते प्रथम हाताने पूर्ण किल्ली देऊन घड्याळ न हलवता ठेवतात. ते नेमून दिलेले तास पुरे चालले, तर चक्रे व मुख्य स्प्रिंग ठीक आहेत आणि दोष किल्ली बसवणाऱ्या भागात किंवा वापरणाऱ्याच्या बैठ्या दिनक्रमात आहे असे ठरते. आधीच थांबले, तर मुख्य स्प्रिंग थकलेली आहे किंवा वंगण वाळले आहे असे समजून पुढे जातात. मग रोटर सैल होऊन मागच्या झाकणाला घासतो आहे का, दोन्ही दिशांची फिरत एका दिशेला वळवणारी चाके तेलाच्या चिकट्याने अडकली आहेत का, हे पाहिले जाते. आधुनिक घड्याळांत अडवणारा दांडा नसतो. त्याऐवजी मुख्य स्प्रिंगेच्या बाहेरच्या टोकाला एक पट्टी असते आणि पूर्ण आवळल्यावर ती डबीच्या आतल्या भिंतीवर घसरते. येथील वंगण जास्त झाले तर ती वेळेआधीच घसरते आणि कितीही चालले तरी घड्याळ पुरते भरत नाही. अतिरेकाचा प्रश्न तोच असून त्याचे उत्तर तेवढे बदलले आहे.

‘पर्पेत्युएल’ घड्याळे फार मोठ्या संख्येने बनली नाहीत. ती खर्चिक होती आणि एकेका घड्याळाला कुशल हातांचे दीर्घकाळ काम लागे. पेढीच्या व्यवस्थित नोंदवह्या १७८७ पासूनच्या आहेत. त्याआधीच्या घड्याळांविषयीची माहिती त्यामुळे विरळ आहे. उत्तरायुष्यात ब्रेगे यांनी या प्रकाराकडे पूर्वीइतके लक्ष दिले नाही. खिशात स्थिर राहणाऱ्या घड्याळाला किल्ली बसण्यापुरती हालचाल मिळणे हे कठीणच असते आणि त्यावर उपाय यंत्राच्या आत नव्हता. तो पुढे घड्याळ मनगटावर आल्यावर सापडला. १९२० च्या दशकात इंग्लंडमधील जॉन हारवुड यांनी झुलत्या वजनाचे मनगटी घड्याळ आणले. त्यालाही दोन्ही टोकांना धक्का झेलणाऱ्या स्प्रिंगा होत्या आणि त्यालाही हाताने किल्ली देता येत नसे. १९३१ साली रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर मनगटी घड्याळात आणला आणि आज सर्वत्र तीच पद्धत रूढ आहे.

इतर शोध

१७८० च्या दशकात ब्रेगे यांचा हात चहूकडे चालत होता. अंधारात कळ दाबली की तास व पाव तास टोल्यांनी सांगणाऱ्या घड्याळांत त्या काळी छोटी घंटा बसवत. ती बरीच जागा घेई. १७८३ साली त्यांनी घंटेच्या जागी वळवलेली पोलादी तार बसवली. घड्याळ पातळ झाले आणि आवाजही गोड झाला. टोकाशी पोकळ वर्तुळ असलेले निळे पोलादी काटे आणि सुबक अरबी अंक ही त्यांच्या तबकडीची ओळख याच काळातली. असे काटे आज जगभर ‘ब्रेगे काटे’ या नावानेच ओळखले जातात.

१७९० च्या सुमाराचे ‘पारशूट’ हे तोलचक्राच्या आसाला वाचवण्याचे साधन होते. घड्याळ पडले की पहिला बळी या आसाच्या केसाएवढ्या टोकांचा जातो. ब्रेगे यांनी टोकांना निमुळता आकार दिला आणि त्यांना आधार देणारे दगड लवचिक पात्यावर बसवले. आपला भरवसा दाखवण्यासाठी त्यांनी एका मेजवानीत घड्याळ जमिनीवर आपटले आणि ते चालू राहिले, अशी आख्यायिका सांगतात. १७९५ साली त्यांनी तोलचक्राच्या बारीक स्प्रिंगेचा शेवटचा वेढा वर उचलून आत वळवला. त्यामुळे स्प्रिंग सर्व बाजूंनी सारखी उघडू-मिटू लागली. अचूक घड्याळांत हा वेढा आजही वापरतात.

नकली घड्याळांचा सुळसुळाट झाल्यावर त्यांनी तबकडीवर अतिसूक्ष्म गुप्त सही कोरण्याची पद्धत सुरू केली. ती तिरप्या उजेडातच दिसते. तरीही त्यांच्या नावाची बनावट घड्याळे थांबली नाहीत.

क्रांतीचा काळ

ब्रेगे हे राजघराण्याचे घड्याळजी होते, पण त्यांचा स्नेह क्रांतिकारकांशीही होता. क्रांतीचे एक जहाल पुढारी झां-पॉल मारा हे न्यूशातेलच्या मुलखातलेच. दोघे एका मित्राच्या घरी असताना बाहेर माराविरोधी जमाव जमला तेव्हा ब्रेगे यांनी माराला म्हातारीचा वेष देऊन, हाताला धरून बाहेर काढले, अशी कथा प्रसिद्ध आहे. कथा खरी असो वा नसो, १७९३ च्या जूनमध्ये ब्रेगे यांना देश सोडण्याचा परवाना मिळाला तो माराच्या मदतीने. पुढच्याच महिन्यात मारा मारला गेला. ऑगस्टमध्ये मुलगा व मेहुणी यांच्यासह ब्रेगे यांनी फ्रान्स सोडले. त्यांची ग्राहक असलेली राणी १६ ऑक्टोबरला गिलोटिनखाली गेली.

जिनिव्हा, न्यूशातेल आणि ल लोक्ल येथे काढलेली ही दोन वर्षे आर्थिक दृष्ट्या ओढगस्तीची होती. मात्र याच सक्तीच्या विश्रांतीत त्यांच्या पुढच्या अनेक कल्पनांनी आकार घेतला. १७९५ साली ते पॅरिसला परतले तेव्हा पेढीची घडी विस्कटलेली होती आणि जुने सरदार ग्राहक मारले गेले होते किंवा परागंदा झाले होते. नव्या ग्राहकासाठी नवे घड्याळ हवे होते. ‘सुस्क्रिप्सियों’ म्हणजे वर्गणीचे घड्याळ हे त्यांचे उत्तर होते. मोठी तबकडी, एकच काटा आणि साधी, मजबूत यंत्रणा, असे त्याचे स्वरूप होते. मागणी नोंदवताना किमतीचा चौथा हिस्सा द्यावा लागे आणि त्या पैशांवर घड्याळ बनत असे. राणीसाठी काम केलेल्या माणसाने एका काट्याचे घड्याळ विकायला काढावे यात काहींना उतरती कळा दिसली असेल, पण पेढी उभी राहिली ती याच घड्याळाने.

तूरबियाँ आणि कीर्ती

घड्याळ खिशात उभे असते आणि गुरुत्वाकर्षणामुळे तोलचक्राच्या तोलातली बारीकशी चूकही वेळेत उतरते. ब्रेगे यांनी तोलचक्र व त्याच्या सोबतची सारी यंत्रणा एका छोट्या पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता ठेवला. एका फेरीत चूक सर्व दिशांना वाटली जाते आणि एकमेकींना खोडते. २६ जून १८०१ रोजी या रचनेला फ्रान्समध्ये दहा वर्षांचे एकस्व मिळाले. बनवायला ती इतकी अवघड होती की त्यांच्या पेढीतून अशी सुमारे ३५ घड्याळेच विकली गेली. लंडनचे घड्याळजी जॉन अर्नल्ड हे ब्रेगे यांचे स्नेही होते आणि दोघांनी आपापली मुले एकमेकांकडे शिकायला ठेवली होती. अर्नल्ड यांच्या निधनानंतर १८०८ साली ब्रेगे यांनी त्यांच्याच एका घड्याळात आपली तूरबियाँ बसवून ते त्यांच्या मुलाला भेट दिले. हे घड्याळ ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. प्रतिस्पर्धी देशांत युद्ध चालू असतानाची ही भेट आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

१७९८ साली इजिप्तच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी नेपोलियनने त्यांच्याकडून तीन घड्याळे घेतली. त्यांत एक ‘पर्पेत्युएल’ होते. नेपोलियनची बहीण व नेपल्सची राणी कारोलीन म्युरा हिने १८१० साली मनगटावर घालण्याजोगे घड्याळ मागवले. अशा घड्याळाची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक होय. रशियाचा झार, तुर्की दरबार आणि इंग्रज सेनानी वेलिंग्टन हे सारे त्यांचे ग्राहक होते. रशियन भाषेत तर ‘ब्रेगेत’ हा टोले देणाऱ्या घड्याळासाठी सामान्य शब्दच होऊन बसला.

१८१४ साली ते अक्षांश-रेखांश मंडळाचे सदस्य झाले, पुढील वर्षी फ्रेंच नौदलाचे घड्याळजी नेमले गेले आणि १८१६ साली विज्ञान अकादमीत दाखल झाले. १८१९ साली त्यांना लेजियाँ द’ऑनर हा सन्मान मिळाला. १७ सप्टेंबर १८२३ रोजी त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे.

क्रमांक १६०

१७८३ साली राणीच्या रक्षकदलातील एका अधिकाऱ्याने तिच्यासाठी एक घड्याळ सांगितले होते. त्यात त्या काळी ज्ञात असलेली प्रत्येक यंत्रणा असावी, शक्य तेथे सोने वापरावे आणि खर्चाची व वेळेची मर्यादा नसावी अशा अटी होत्या. राणीने ते पाहिले नाही. ब्रेगे यांनीही ते पुरे झालेले पाहिले नाही. त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १८२७ साली, मुलगा आंत्वान-लुई याच्या कारकीर्दीत ते पूर्ण झाले. त्यात ८२३ भाग आहेत. मिनिटांचे टोले, लीप वर्ष सांभाळणारी दिनदर्शिका, सौर व घड्याळी वेळेतला फरक दाखवणारा काटा, तापमापक, पारशूट आणि अर्थातच प्लॅटिनमच्या वजनाने आपोआप बसणारी किल्ली व तिची शिल्लक दाखवणारा काटा, हे सारे त्यात आहे.

पुढे हे घड्याळ इंग्रज संग्राहक डेव्हिड सालोमन्स यांच्याकडे आले आणि त्यांच्या कन्येने स्थापन केलेल्या जेरुसलेम येथील एल. ए. मायर संग्रहालयात ठेवले गेले. १५ एप्रिल १९८३ च्या रात्री संग्रहालयातून शंभराहून अधिक घड्याळे चोरीस गेली, त्यांत हेही होते. चोवीस वर्षे त्याचा ठाव नव्हता. २००७ साली ते परत मिळाल्याचे जाहीर झाले. दरम्यान ब्रेगे कंपनीने जुन्या नोंदी व चित्रांवरून त्याची प्रतिकृती बनवायला घेतली होती. ती क्रमांक ११६० म्हणून २००८ साली पूर्ण झाली.

वारसा

आंत्वान-लुई यांच्यानंतर पेढी नातू लुई-क्लेमां यांच्याकडे गेली. त्यांचा ओढा विजेकडे व तारायंत्राकडे होता. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांतील ‘ब्रेगे’ हे नाव या नातवाचे आहे, आजोबांचे नव्हे. दोघांची गल्लत वारंवार होते. त्यांनी १८७० साली घड्याळांचा व्यवसाय कारखान्याचे इंग्रज प्रमुख एडवर्ड ब्राउन यांना विकला. घराण्यातील लुई-शार्ल ब्रेगे यांनी विसाव्या शतकात विमानबांधणीत नाव कमावले. ब्रेगे ही घड्याळांची कंपनी १९९९ पासून स्वॉच समूहाकडे आहे. अब्राहम-लुई यांच्या काळातील विक्रीच्या वह्या तिने जपल्या असून जुन्या ब्रेगे घड्याळांची सत्यता पडताळण्यासाठी त्या आजही उघडल्या जातात.